डेबियन १२ वरून १३ वर जायचंय? मग आधी सोर्सेस आवरा

अपग्रेड म्हटलं की सगळ्यांचं लक्ष त्या शेवटच्या फुल-अपग्रेड कमांडकडे असतं. ती कमांड बिचारी तुम्ही सांगितलेल्या ठिकाणांहून पॅकेजेस ओढते आणि कोण कोणावर अवलंबून आहे याचा हिशोब जुळवते, बास. हिशोब फिसकटतो तो बहुतेक वेळा त्या ठिकाणांमुळेच, म्हणजे सोर्सेसमुळे. कधीतरी कुठल्यातरी ट्यूटोरियलवरून कॉपी-पेस्ट केलेली रेपो (पॅकेजेसचं ऑनलाइन कोठार), घाईत लावलेला पिन (कुठलं व्हर्जन घ्यायचं याची सक्ती), होल्डवर टाकून, म्हणजे अपडेट व्हायचं थांबवून, विसरलेलं एखादं पॅकेज, ही सगळी लफडी सिस्टीमच्या पोटात गपचूप पडून असतात आणि नेमकी अपग्रेडच्या दिवशी वर येतात. त्यामुळे या लेखात प्रत्यक्ष अपग्रेड कमी आणि आधीची आवराआवर जास्त आहे. उदाहरणाला डेबियन (एक लिनक्स सिस्टीम) १२ बुकवर्मवरून डेबियन १३ ट्रिक्सी घेतलंय, उबुंटूवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

कमांड आणि फाइलींची नावं मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी इंग्रजीतच टाइप करायची. रूटचे हक्क लागतील तिथं आधी सुडो लावा, दर वेळी लिहीत बसत नाही.

कुठून कुठं जायचंय ते बघून घ्या

बुकवर्म १० जून २०२३ ला आलं, ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला. डेबियनमध्ये एका रिलीजवरून लगेच पुढच्याच रिलीजवर जाता येतं, मधलं गाळून उडी मारायची सोय नाही. म्हणजे मशीनवर अजून ११ बुलसाय असेल तर आधी १२, ते नीट बसलं, रिबूट झालं, सगळं चालतंय याची खात्री झाली की मग १३. "सोर्सेसमध्ये थेट ट्रिक्सी लिहिलं तर काय बिघडतं" असं विचारणारे भेटतात. कधीकधी काही बिघडत नाही, पण बिघडलं तर कुणी मदत करू शकत नाही, कारण तो रस्ता कुणी तपासलेलाच नाहीये.

आत्ता काय आहे ते "कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज" करून बघा. आणि हो, "डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर" पण चालवा. उत्तर एएमडी६४ किंवा आर्म६४ आलं तर ठीक. आय३८६ आलं तर इथंच थांबा, कारण ट्रिक्सीमध्ये आय३८६ साठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही नाहीत, ते आर्किटेक्चर आता फक्त ६४-बिट सिस्टीमवर जुने ३२-बिट प्रोग्रॅम चालवण्यापुरतं ठेवलंय. प्रोसेसर ६४-बिट असेल तर नव्यानं एएमडी६४ इन्स्टॉल करणं हाच सरळ मार्ग.

आहे त्या रिलीजमध्ये आधी सगळं ताजं करा

ही पायरी लोक हमखास गाळतात. सोर्सेसमध्ये अजून बुकवर्मच असताना "ॲप्ट अपडेट" आणि मग "ॲप्ट फुल-अपग्रेड" चालवायचं (ॲप्ट म्हणजे पॅकेजेस आणणारं आणि बसवणारं डेबियनचं साधन), कर्नल बदललं असेल तर रिबूट करायचं. यामागं दोन ठोस कारणं आहेत. एक म्हणजे किल्ल्या. नवीन रिलीजवर ज्या किल्लीनं सही केलेली असते ती जुन्या रिलीजमध्ये डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग या पॅकेजच्या अपडेटमधून येते, ते पॅकेज जुनंच राहिलं तर ॲप्ट नव्या रेपोवर विश्वास ठेवायला नकार देऊ शकतं. दुसरं कारण एसएसएच, म्हणजे मशीनवर दुरून लॉगिन करायची सोय. बुकवर्ममधलं जुनं ओपनएसएसएच तसंच ठेवून कोणी एसएसएचवरून अपग्रेड सुरू केलं आणि मध्येच कनेक्शन तुटलं तर परत लॉगिन करताना अडचण येऊ शकते, म्हणून ते आधी ताजं करून घ्या असं ट्रिक्सीच्या रिलीज नोट्समध्येच सांगितलंय. सर्व्हर दुसऱ्या खोलीत असो की दुसऱ्या खंडात, ही गोष्ट सोडू नका. शिवाय अपग्रेड टीमक्स किंवा स्क्रीनच्या आतच चालवा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी काम मागे चालू राहतं.

मग "डीपीकेजी --ऑडिट". काहीही न छापता परत प्रॉम्प्ट आला तर उत्तम. एखादं पॅकेज अर्धवट बसलंय असं दिसलं तर "डीपीकेजी --कॉन्फिगर -ए" आणि "ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल" करून आत्ताच निस्तरा, ही घाण पुढे नेऊ नका.

जागा बघा. "डीएफ -एच" मध्ये रूट आणि व्हार बघतोच आपण, पण बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ते खास बघा. कर्नल आणि फर्मवेअरची पॅकेजेस बरीच फुगलीत. रिलीज नोट्स म्हणतात की बूट पार्टिशन निदान ७६८ एमबीचं हवं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळी हवी. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ते त्याहून बरंच लहान असू शकतं, तेव्हा "ॲप्ट ऑटोरिमूव्ह" करून आधीची कर्नल काढा, आणि तरीही पुरत नसेल तर पार्टिशनचं काय करायचं ते अपग्रेडच्या आधी ठरवा, मध्यात नाही. "ॲप्ट क्लीन" नं जुन्या डाउनलोडची जागा सुटते ती वेगळीच.

बॅकअप, थोडक्यात

डेटाचा बॅकअप तुम्ही घेताच असं धरून चालतो. पॅकेजेसच्या बाजूनं तीन गोष्टी बाजूला ठेवा: पूर्ण ईटीसी फोल्डर, व्हार-लिबमधलं डीपीकेजी फोल्डर, आणि व्हार-लिब-ॲप्टमधली एक्सटेंडेड अंडरस्कोर स्टेट्स नावाची फाइल. ही शेवटची फाइल कोणाला आठवत नाही, पण कुठलं पॅकेज तुम्ही स्वतः मागितलं आणि कुठलं आपोआप आलं याची नोंद तिच्यातच असते. सोबत "डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स '*'" चं आउटपुट एका टेक्स्ट फाइलमध्ये. हे सगळं त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही हे काय सांगायला नको. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट घ्या आणि सुखानं पुढे वाचा.

सोर्सेस कुठं कुठं लपलेले असतात

मुख्य फाइल ईटीसी-ॲप्ट फोल्डरमधली सोर्सेस डॉट लिस्ट. तिच्या शेजारी सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी नावाचं फोल्डर असतं, खरी गंमत तिथं. कुठल्याही बाहेरच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर स्वतःची फाइल गुपचूप तिथं टाकतो, त्यामुळे तुम्ही मुख्य फाइल कितीही नीट लिहिली तरी अर्धं चित्रच दिसत असतं. फाइली दोन प्रकारच्या असतात. डॉट लिस्टमध्ये जुनी एकओळी पद्धत, म्हणजे डेब, मग पत्ता, मग रिलीज, मग मेन वगैरे. डॉट सोर्सेसमध्ये नवी पद्धत, तिला डेब८२२ म्हणतात, तिच्यात प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर नाव देऊन लिहिलेली असते.

सगळं एका नजरेत बघायला "ॲप्ट-कॅश पॉलिसी" चालवा, पुढे पॅकेजचं नाव न देता. आत्ता ॲप्टला माहीत असलेला प्रत्येक सोर्स, त्याची प्रायॉरिटी, त्याचं मूळ आणि रिलीजचं नाव असं सगळं येतं. ही यादी एकदा शांतपणे वाचा. माझं मत विचाराल तर संपूर्ण तयारीत सगळ्यात जास्त कामाची हीच दहा मिनिटं, कारण "अरे हे अजून आहे होय" असं एकदा तरी तोंडातून निघतंच.

वाचताना कशावर नजर ठेवायची? सीडीरॉमनं सुरू होणारी ओळ असेल तर तिच्यापुढे हॅश लावून बंद करा, इन्स्टॉल केलेल्या डिस्कचा तो पत्ता राहून गेलेला असतो. बुकवर्म-बॅकपोर्ट्स (नव्या रिलीजमधली पॅकेजेस जुन्यासाठी बांधलेली) आणि प्रपोज्ड-अपडेट्स (अजून तपासणीत असलेले अपडेट) दिसले तर लिहून ठेवा. प्रपोज्ड-अपडेट्स तर काढूनच टाका, अपग्रेडच्या वेळी त्याचं काही काम नाही. बॅकपोर्ट्समधून काही घेतलं असेल तर घाबरायचं कारण नाही, त्यांचे व्हर्जन नंबर मुद्दाम असे दिलेले असतात की पुढच्या रिलीजमधलं तेच व्हर्जन त्यांच्यापेक्षा मोठं ठरतं आणि ते आपसूक बदललं जातं. आणि एकच रेपो दोन फाइलींत असेल तर अपडेटच्या वेळी "कॉन्फिगर्ड मल्टिपल टाइम्स" अशी वॉर्निंग येते, तिथं एक फाइल उडवायची. यात खरंतर नुकसान काही नाही पण वॉर्निंगांच्या गर्दीत महत्त्वाचा एरर हरवतो.

एखादी फाइल काढून न टाकता नुसती झोपवायची असेल तर डेब८२२ मध्ये एनेबल्ड: नो अशी ओळ घाला, किंवा दोन्ही प्रकारांत चालेल असं म्हणजे फाइलीच्या नावाच्या शेवटी डॉट डिसेबल्ड जोडा. ॲप्ट ते शेपूट ओळखतं आणि काही न बोलता ती फाइल सोडून देतं. डॉट बॅक, डॉट सेव्ह, डॉट ओरिग ही शेपटंही तशीच चालतात. मनाचं काहीतरी शेपूट लावलंत, समजा डॉट जुनं किंवा डॉट ओल्ड, तर फाइल वाचली जात नाहीच पण दर अपडेटला ॲप्ट कुरकुर करतं.

परकी पॅकेजेस आणि त्यांच्या रेपो

आता मुख्य काम. डेबियनच्या बाहेरून काय काय आलंय ते शोधायला ही कमांड:

ॲप्ट लिस्ट '?नॅरो(?इन्स्टॉल्ड, ?नॉट(?ओरिजिन(डेबियन)))'

कोट्स विसरू नका, नाहीतर शेल प्रश्नचिन्ह आणि कंस स्वतःच खायला बघतं, आणि डेबियनमधला डी मोठा. येणाऱ्या यादीत दोन जातीची पॅकेजेस असतात. ज्यांच्यापुढे लोकल लिहिलंय ती कुठल्याच रेपोत सापडत नाहीयेत, म्हणजे कधीतरी हातानं डॉट डेब फाइल आणून बसवलेली, किंवा आधीच्या रिलीजमधून उरलेली. बाकीची परक्या रेपोंमधली.

परक्या रेपोंचे माझ्या हिशोबानं तीन प्रकार पडतात आणि प्रत्येकाला वेगळं वागवायचं. पहिला प्रकार रिलीजच्या नावानं चालणारा. डॉकरची रेपो बघा, तिथं बुकवर्म हे नाव असतं ते ट्रिक्सी करावं लागतं. पोस्टग्रेसची पीजीडीजी रेपो असेल तर बुकवर्म-पीजीडीजी चं ट्रिक्सी-पीजीडीजी. यांच्या बाबतीत नाव बदलण्याआधी ब्राउझरमध्ये रेपोचा पत्ता उघडायचा, डिस्ट्स नावाच्या फोल्डरात जायचं आणि नव्या रिलीजचं फोल्डर आहे का ते डोळ्यानं बघायचं. आहे, तर बदला. नाही, तर ती रेपो झोपवा आणि ते सॉफ्टवेअर नसताना तुमचं चालणारे का हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर "नाही" असेल तर अपग्रेडच पुढे ढकला, त्यात कमीपणा काही नाही. बुकवर्मला तीन वर्षांचा नियमित सपोर्ट आणि त्यावर दोन वर्षांचा एलटीएस (वाढीव सपोर्ट) असा जून २०२८ पर्यंतचा पल्ला आहे.

दुसरा प्रकार सगळ्यांना एकच रेपो देणारा, जसं क्रोम किंवा व्हीएस कोड. तिथं रिलीजच्या जागी नुसतं स्टेबल लिहिलेलं असतं आणि ते स्टेबल डेबियनचं नाही, त्यांचं स्वतःचं असतं. नोडसोर्सच्या रेपोत तर नोडिस्ट्रो असंच नाव आहे. यांना हात लावायचा नाही. सेड या कमांडनं सगळ्या फाइलींत सरसकट शोधा-आणि-बदला करणारे इथंच मार खातात: फोल्डरभर बुकवर्मचं ट्रिक्सी झालं की ज्या रेपोत ट्रिक्सी अजून नाही तिथं चारशेचार (पत्ता सापडत नाही असा एरर), आणि कोणीतरी स्टेबल शब्द पण बदलला असेल तर मग विचारायलाच नको.

तिसरा प्रकार मेलेल्या रेपोंचा. प्रोजेक्ट बंद, सर्व्हर बंद, किंवा ज्या पॅकेजसाठी ती घातली होती ते आता डेबियनमध्येच नव्या व्हर्जनमध्ये आहे. ट्रिक्सीमध्ये पीएचपी ८.४, पायथन ३.१३, पोस्टग्रेस १७ आहे. कोणी केवळ नवीन पीएचपी हवं म्हणून बाहेरची रेपो घातली असेल तर आता ती लागतेय का बघा. मी तर म्हणेन शंका असेल तर काढाच. कमी सोर्सेस, कमी कटकट.

सगळ्या प्रकारांना लागू असलेला सुरक्षित मार्ग म्हणजे अपग्रेडपुरत्या सगळ्याच परक्या रेपो झोपवायच्या आणि नंतर एकेक करून जाग्या करायच्या. डेस्कटॉपवर मी हेच सुचवतो. सर्व्हरवर मात्र डेटाबेस परक्या रेपोतला असेल तर रेपो झोपवल्यावर डेबियनमधलं त्याच नावाचं पॅकेज त्याची जागा घ्यायला येऊ शकतं, तेव्हा तिथं विचार करून.

किल्ल्यांची भानगड

जुन्या ट्यूटोरियल्समध्ये ॲप्ट-की ॲड अशी कमांड असायची. तिनं आलेली किल्ली सगळ्या रेपोंसाठी चालायची, म्हणजे एका छोट्या रेपोच्या किल्लीनं सही केलेलं काहीही तुमच्या मशीननं डेबियनचं म्हणून मान्य केलं असतं. ती कमांड बरीच वर्षं बाद ठरवलेली होती आणि ट्रिक्सीत तर नाहीच. त्यामुळे आत्ताच बुकवर्मवर असताना बघून घ्या. ईटीसी-ॲप्टमध्ये ट्रस्टेड डॉट जीपीजी नावाची फाइल असेल तर त्यात अशाच जुन्या किल्ल्या आहेत.

आता प्रत्येक परक्या रेपोची किल्ली तिच्या मूळ साइटवरून नव्यानं आणायची, ईटीसी-ॲप्ट-कीरिंग्ज फोल्डरात ठेवायची आणि रेपोच्या फाइलीत साइन्ड-बाय लिहून तिचा पूर्ण पाथ द्यायचा. इथं एक बारीक गोष्ट आहे जिच्यामुळे माणूस तासभर डोकं आपटतो. किल्ली टेक्स्टच्या स्वरूपात असेल, म्हणजे उघडल्यावर बिगिन पीजीपी वगैरे वाचता येत असेल, तर फाइलीचं एक्सटेन्शन डॉट एएससी हवं. बायनरी असेल तर डॉट जीपीजी. ॲप्ट एक्सटेन्शन बघूनच ठरवतं. टेक्स्ट किल्लीला डॉट जीपीजी नाव दिलं की किल्ली जागेवर असूनसुद्धा नो अंडरस्कोर पबकी असा एरर येतो आणि आपण बसतो सर्व्हरला शिव्या देत. दुसरं म्हणजे परमिशन ६४४ ठेवा, कारण सह्या तपासायचं काम ॲप्ट स्वतःच्या वेगळ्या कमी हक्कांच्या युजरकडून करून घेतं, रूटकडून नाही, त्यालाही फाइल वाचता आली पाहिजे.

पिन, होल्ड आणि डिफॉल्ट रिलीज

"ॲप्ट-मार्क शोहोल्ड" चालवा. जे काही येईल ते का होल्डवर ठेवलं होतं ते आठवा, आठवत नसेल तर "ॲप्ट-मार्क अनहोल्ड" करून मोकळं करा. एक लायब्ररी जरी होल्डवर राहिली तरी तिच्यावर टेकलेली पन्नास पॅकेजेस अडतात आणि मग ॲप्ट असल्या काही पळवाटा काढतं की डेस्कटॉपच काढून टाकायचा प्रस्ताव समोर येतो.

पिन बघायला ईटीसी-ॲप्टमधली प्रेफरन्सेस ही फाइल आणि प्रेफरन्सेस डॉट डी हे फोल्डर. बुकवर्मचं नाव घालून कोणी ९९० किंवा १००० ची प्रायॉरिटी दिलेली असेल तर नव्या रिलीजचं पॅकेज समोर दिसत असूनही ॲप्ट जुन्यालाच चिकटून बसतं. फायरफॉक्ससाठी मोझिलाच्या रेपोचा १००० वाला पिन बऱ्याच जणांकडे असतो, तो फक्त त्या रेपोपुरता आहे, राहू दे.

आणि एक लपलेली जागा, जी फार कमी लोक तपासतात: डिफॉल्ट-रिलीज. "ॲप्ट-कॉन्फिग डंप" करून त्यात ग्रेप -आय नं डिफॉल्ट-रिलीज शोधा. कुठल्याशा फाइलीत डिफॉल्ट रिलीज बुकवर्म असं लिहिलं असेल तर त्या नावाच्या सगळ्या पॅकेजेसना आपोआप ९९० प्रायॉरिटी मिळते, मग सोर्सेसमध्ये कितीही ट्रिक्सी लिहा, फुल-अपग्रेड "काही करायचं नाही" म्हणून हात झटकणार. काढून टाका ती ओळ.

आता नवी फाइल लिहू

जुन्या सोर्सेस डॉट लिस्टचं नाव बदलून शेवटी डॉट बॅक लावा, म्हणजे ती हाताशी राहते. मग सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी मध्ये डेबियन डॉट सोर्सेस नावाची नवी फाइल. तिच्यात दोन परिच्छेद, मध्ये एक रिकामी ओळ.

पहिल्या परिच्छेदात टाइप्स: डेब. मग यूआरआयज: एचटीटीपीएस, डेब डॉट डेबियन डॉट ओआरजी, स्लॅश डेबियन. मग सूट्स: ट्रिक्सी ट्रिक्सी-अपडेट्स, दोन्ही एकाच ओळीवर, मध्ये स्पेस. मग कंपोनंट्स: मेन नॉन-फ्री-फर्मवेअर. शेवटी साइन्ड-बाय: यूएसआर-शेअर-कीरिंग्ज मधली डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग डॉट जीपीजी, पूर्ण पाथसकट. दुसरा परिच्छेद तसाच, फक्त पत्ता सिक्युरिटी डॉट डेबियन डॉट ओआरजी स्लॅश डेबियन-सिक्युरिटी, आणि सूट ट्रिक्सी-सिक्युरिटी. प्रत्येक नावानंतर कोलन आणि स्पेस. दोन परिच्छेदांमधली ओळ खरोखर रिकामी हवी. जुनी एकओळी पद्धतही अजून चालते, कोणी जबरदस्ती करत नाहीये, पण आता नव्यानं लिहितोच आहोत तर नवीनच लिहा.

कंपोनंट्सबद्दल थोडं. नॉन-फ्री-फर्मवेअर हा कप्पा डेबियन १२ पासून वेगळा झाला, त्याआधी वायफाय वगैरेचं फर्मवेअर नॉन-फ्रीमध्ये असायचं. ११ वरून वर चढत आलेल्या मशीनींवर हा शब्द राहून गेलेला असतो, आणि मग फर्मवेअर जुन्याच व्हर्जनवर अडकून बसतं, कुठलाही एरर न देता. तुमच्या जुन्या फाइलीत कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री असेल तर तेही पुढे न्या. एनव्हिडियाचा ड्रायव्हर नॉन-फ्रीमध्ये असतो, तो कप्पा विसरलात तर नवं कर्नल येणार, ड्रायव्हर जुनाच राहणार, आणि रिबूटनंतर काळी स्क्रीन.

सिक्युरिटीच्या नावात पण एक जुना सापळा आहे: डेबियन १० पर्यंत ते बस्टर स्लॅश अपडेट्स असं लिहायचे, ११ पासून बुलसाय-सिक्युरिटी अशी पद्धत आली. जुनी फाइल वर्षानुवर्षं नुसतं नाव बदलत आणली असेल तर इथं चारशेचार मिळेल.

आणि रिलीजचं नावच लिहा, स्टेबल लिहू नका. स्टेबल लिहिलं की पुढचं रिलीज ज्या दिवशी येईल त्याच दिवशी तुमचं मशीन अपग्रेडला लागू शकतं, आणि तो दिवस तुम्ही निवडलेला नसणार.

अपडेट चालवा, आणि आउटपुट खरंच वाचा

सुरू करण्याआधी "सिस्टीमसीटीएल स्टॉप" नं ॲप्ट-डेली आणि ॲप्ट-डेली-अपग्रेड हे दोन्ही टायमर थांबवा, नाहीतर आपोआप अपडेट करणारी सर्व्हिस मध्येच लॉक घेऊन बसते. मग "ॲप्ट अपडेट".

इथं लोक शेवटची ओळ बघतात आणि पुढे जातात. तसं करू नका. वर ई: किंवा डब्ल्यू: नं सुरू होणाऱ्या ओळी आहेत का बघा. डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल म्हणजे त्या पत्त्यावर ते रिलीज नाही, एकतर नाव चुकलंय किंवा रेपोनं अजून नवं रिलीज धरलेलं नाही. नो अंडरस्कोर पबकी म्हणजे किल्ली, वर सांगितलंच. रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट दिसलं तर मशीनचं घड्याळ मागे आहे, आधी वेळ नीट करा. उलट एक्स्पायर्ड असा एरर आला तर रेपो किंवा मिरर शिळा झालाय, मिरर बदला, डेब डॉट डेबियन डॉट ओआरजी वापरलात तर हा प्रश्न सहसा येत नाही. स्किपिंग ॲक्वायर अशी सुरुवात आणि पुढे आय३८६ असेल तर तुम्ही वाइन किंवा स्टीमसाठी दुसरं आर्किटेक्चर जोडलेलं आहे आणि त्या परक्या रेपोकडे ते नाही. तिच्या फाइलीत आर्किटेक्चर्स: एएमडी६४ अशी ओळ घाला, विषय संपला.

एकही ई: ओळ राहता कामा नये. वॉर्निंग असेल तर ती का आहे हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

कोरडी तालीम

"ॲप्ट -एस फुल-अपग्रेड" फक्त नाटक करून दाखवतं, काही बसवत नाही. आउटपुट एका फाइलीत वळवा आणि निघणाऱ्या पॅकेजेसची यादी आधी वाचा. ही यादी लांबलचक बघून दचकू नका. ट्रिक्सीमध्ये ३२-बिट आर्किटेक्चर्सवर वेळ मोजायला ६४-बिट वापरायची मोठी बदलाबदल झाली, २०३८ मध्ये ३२-बिट वेळमोजणी संपण्याचा प्रश्न टाळायला, आणि त्यात शेकडो लायब्ररींच्या नावाला टी६४ असं शेपूट लागलं. हे नाव एएमडी६४ वर पण बदललं. म्हणून लिबएसएसएल३ निघतेय असं दिसेल आणि नव्यांच्या यादीत लिबएसएसएल३टी६४ येताना दिसेल, ती तीच आहे. त्याशिवाय ८,८४० पेक्षा जास्त पॅकेजेस या रिलीजमधून काढलीत, तुमचं एखादं त्यात असू शकतं.

धोक्याची खूण वेगळी असते. तुमच्या डेस्कटॉपचं मुख्य पॅकेज, नेटवर्क मॅनेजर, ओपनएसएसएच-सर्व्हर, ग्रब, कर्नलचं मेटापॅकेज, वेब सर्व्हर किंवा डेटाबेस यातलं काही निघणार म्हणत असेल आणि बदल्यात काही येत नसेल तर कुठलीतरी परकी रेपो, पिन किंवा होल्ड अजून शिल्लक आहे. ज्या पॅकेजवर शंका आहे त्याचं नाव देऊन "ॲप्ट-कॅश पॉलिसी" चालवा: इन्स्टॉल्ड कुठलं, कँडिडेट कुठलं, आणि कँडिडेट कुठल्या सोर्समधून येतंय. बऱ्याच वेळा उत्तर त्या चार ओळींतच असतं. कँडिडेट जुनाच असेल तर पिन, कँडिडेटसमोर फक्त व्हार-लिब-डीपीकेजीमधली स्टेटस फाइल हाच सोर्स दिसत असेल तर रेपो गायब, इन्स्टॉल्डचं व्हर्जन ट्रिक्सीतल्यापेक्षा मोठं असेल तर ते परक्या रेपोतून आलेलं.

सोर्सेस दुरुस्त करा, परत ॲप्ट अपडेट, परत तालीम. यादी पटेपर्यंत हेच.

उबुंटूवाल्यांनी काय करायचं

उबुंटूत फाइल स्वतः बदलायची नाही, डू-रिलीज-अपग्रेड ही कमांड ते काम करते आणि परक्या रेपो आपणहून बंदही करते. तरी आधीची साफसफाई सगळी लागू आहे, विशेषतः पीपीए, म्हणजे इतरांनी चालवलेल्या छोट्या उबुंटू रेपो. एखाद्या पीपीएनं डेस्कटॉपचं किंवा ग्राफिक्सचं काही नवं व्हर्जन बसवलेलं असेल तर पीपीए-पर्ज वापरून ते आधी मूळ व्हर्जनवर आणा, कारण रेपो बंद झाली तरी तिची पॅकेजेस तशीच बसून राहतात. २४.०४ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये मुख्य सोर्सेस उबुंटू डॉट सोर्सेस या फाइलीत असतात, सोर्सेस डॉट लिस्ट रिकामी दिसली म्हणून घाबरून त्यात काही घालू नका, नाहीतर सगळं दुप्पट होईल. एलटीएसवरून एलटीएसवर (उबुंटूत एलटीएस म्हणजे दीर्घ सपोर्टचं रिलीज) जाण्याची सूचना नव्या एलटीएसचं पहिलं पॉइंट रिलीज आल्यावरच येते, तोपर्यंत "नवीन रिलीज नाही" असंच ऐकायला मिळेल. आणि सपोर्ट संपलेल्या मधल्या रिलीजवर अडकला असाल तर पत्ते ओल्ड-रिलीजेस डॉट उबुंटू डॉट कॉम कडे वळवल्याशिवाय ॲप्ट अपडेटच चालणार नाही.

झालं, आता सोडा

डेबियनवर तालीम पटली की "ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस", आणि तो टप्पा पार पडला की "ॲप्ट फुल-अपग्रेड". कॉन्फिग फाइल ठेवायची की बदलायची असं विचारेल तेव्हा डी दाबून फरक बघा आणि मग ठरवा. रिबूट करा.

त्यानंतर झोपवलेल्या रेपो एकेक करून उठवा, प्रत्येकीनंतर ॲप्ट अपडेट, चार एकदम नाही. कुठल्या फाइली अजून जुन्या एकओळी पद्धतीत राहिल्या असतील तर ट्रिक्सीच्या ॲप्ट ३.० मध्ये "ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस" अशी नवी कमांड आहे, ती विचारून सगळ्या डेब८२२ मध्ये बदलते आणि जुन्या डॉट बॅक करून ठेवते. शेवटी "ॲप्ट लिस्ट '~ओ'" नं कुठल्याच सोर्समध्ये नसलेली पॅकेजेस दिसतील. त्यात तुम्ही हातानं बसवलेली डॉट डेबही असतात, म्हणून यादी न वाचता पर्ज करू नका.